शेजारच्यांच्या घराचा वास

‘डबा ओळखा’ हा खेळ टीव्हीवरून बंद झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे तो बंद होण्यात माझा हात नव्हता. माझ्या आईचा होता, असं मिरजेतली एकोणचाळीस माणसं मानतात. ती सगळी मला चेहऱ्याने ओळखतात आणि रस्त्यात भेटलो की थोडी हळहळतात. माझ्यासाठी नव्हे, खेळासाठी.

‘डाव तुमचा’ हा कार्यक्रम १९९८ साली सुरू झाला आणि आज, २०३४ मध्येही, रोज संध्याकाळी चालू आहे. सूत्रसंचालक पाच झाले, चॅनेल तीनदा विकलं गेलं, आणि खेळ येत-जात राहिले. ‘पापडपूल’ गेला, त्यात भाजलेल्या पापडांच्या पुलावरून पाण्याने भरलेला पेला सरकवत न्यायचा असे. ‘सासूची शिंक’ गेला. त्यात पडद्यामागे पाच बायका शिंकायच्या आणि सुनेने आपली सासू ओळखायची. हल्लीच्या खेळात स्पर्धकाच्या कपाळाला पट्टी लावतात आणि तिच्या मनात कुठली भाजी आहे ते यंत्र ओळखतं. स्पर्धक नुसती बसते. यंत्र चुकलं तर तिला फ्रिज. दोन वर्षांत एकही फ्रिज गेलेला नाही.

‘डबा ओळखा’मध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून टेबलावरच्या डब्यांत काय आहे ते फक्त वासाने सांगायचं. २००४ च्या ऑगस्टमध्ये माझी आई, त्रिशला कोगनोळे, मिरजेहून मुंबईच्या स्टुडिओत गेली. सोबत अण्णा, म्हणजे माझे वडील. जिरं, ओवा, हिंग, दगडफूल असं सगळं तिने पटापट सांगितलं आणि शेवटच्या डब्यापाशी थांबली. त्यात कांदा-लसूण मसाला होता. आमचं घर जैन. कांदा-लसूण आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेलाच नाही. तिने दोनदा वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, ‘‘हा शेजारच्यांच्या घराचा वास आहे.’’

स्टुडिओ हसला, उत्तर चूक ठरलं, घंटा वाजली, जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्या तेव्हा टेबलापाशी दुसरी बाई उभी होती.

तीन आठवड्यांनी एका स्पर्धकाने मिरचीपूड इतकी मनापासून हुंगली की ती सलग त्रेचाळीस वेळा शिंकली, आणि खेळ बंद करण्यात आला. पण त्या एकोणचाळिसांचे म्होरके असलेल्या टोणपे काकांच्या मते पडझड आधीच सुरू झाली होती. ‘‘तुझ्या आईच्या उत्तरानंतर लोक हसायला लागले. त्याआधी लोक हुंगणं गांभीर्याने घेत होते,’’ असं ते मला मी दहा वर्षांचा असल्यापासून सांगत आलेत.

आई पुढच्या वर्षी काविळीने गेली. तिचे सत्तावीस फोटो आहेत आणि सत्तावीसही फोटोंत ती श्वास रोखून उभी आहे. लग्नाची कॅसेट होती, तिला बुरशी लागली. स्टुडिओने त्या भागाची टेप पुसून तिच्यावर पुढचा भाग घेतला. तेव्हा तशीच पद्धत होती. म्हणजे आई चालायची कशी, मान कशी वळवायची, बोलायची कशी, हे मला माहीत नाही. माझा व्यवसाय यंत्रांना मराठीत माफी मागायला शिकवण्याचा आहे. लिफ्ट अडकली की ‘तसदीबद्दल क्षमस्व’ म्हणणारी बाई मी निवडतो. दिवसाला चारशे बायकांचे आवाज ऐकतो. त्यातला कुठला तिच्या जवळचा आहे, हे मला सांगता येत नाही.

मला तिचा एक हलता, बोलता तुकडा हवा होता. दहा सेकंद चालले असते.

*

टोणपे काकांच्या संस्थेचं नाव ‘डबा ओळखा पुनरुज्जीवन समिती, मिरज-सांगली-कुपवाड’. स्थापना २०१२. समितीत एकच मतभेद आहे, तो म्हणजे टेबलावर डबे सात होते की आठ, आणि त्यावरून दोन भावांनी घरं वेगळी केली आहेत. समिती दर शनिवारी दुपारी दोन वाजता बालवाडीच्या हॉलमध्ये जमते आणि शेवटचा ‘खरा’ भाग, म्हणजे माझ्या आईचा, जसाच्या तसा करून दाखवते. टोणपे काका हिरवा कोट घालून सूत्रसंचालक होतात. त्यांच्या पत्नी मंदाकाकू आई होतात.

मीही जायचो. लहानपणी पहिल्या ओळीत बसून मंदाकाकूंना माझी आई होताना बघायचो. त्या छान व्हायच्या. ‘शेजारच्यांच्या घराचा वास’ म्हणून झालं की डोळ्यांवरची पट्टी सोडून मला राजगिऱ्याचा लाडू द्यायच्या.

अण्णा कधीच आले नाहीत. समिती त्यांना दर वर्षी ‘प्रत्यक्ष साक्षीदार’ म्हणून पत्र पाठवायची आणि अण्णा दर वर्षी कळवायचे की दुकान बंद ठेवता येत नाही. अण्णांचं चष्म्याचं दुकान आहे. ते दुपारी एक ते चार रोज बंद असतं.

मग मिरजेतल्या एका मेंदू-संशोधन केंद्रात आठवणी वाचणारं यंत्र आलं. समितीने त्याला ‘गाळणी’ हे नाव पहिल्याच दिवशी दिलं. त्याचं काम डॉक्टर गझाला मुजावर बघायच्या. वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी समितीला समजावलं ते असं:

‘‘एखादी गोष्ट तुम्ही पाहिली की मेंदूतल्या काही पेशी मिळून एक जाळं विणतात. ती गोष्ट आठवताना तेच जाळं पुन्हा पेटतं. आमचं शिरस्त्राण ते पेटणं बाहेरून वाचतं. पण एका माणसाचं वाचन फार धूसर येतं. म्हणून चाळीस जणांचं घ्यायचं आणि एकावर एक ठेवायचं. एकाने साडी निळी केली, दुसऱ्याने हिरवी केली, तर त्या चुका एकमेकींना खोडतात. सगळ्यांना जे सारखं आठवतं ते ठळक होत जातं. चाळीस धूसर फोटो रचून एक स्वच्छ फोटो, असं समजा.’’

‘‘डबे किती ते कळेल?’’ टोणपे काकांनी विचारलं.

‘‘कळेल.’’

समितीचे एकोणचाळीस आणि कुपवाडचा एक इस्त्रीवाला, असे चाळीस जण झाले. आठवडाभर लोक टोपात डोकं घालून बसले आणि प्रत्येकाने तो भाग तीनदा आठवला. रविवारी सकाळी केंद्राच्या हॉलमधल्या पडद्यावर निकाल लावला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तो त्या इस्त्रीवाल्यानेच करून दिला होता.

चित्र सुरू झालं. हिरवा कोट, टेबल, स्टीलचे डबे, डब्यांवर पडलेला दिव्यांचा उजेड. इतकं लख्ख की मागे कुणीतरी हुंदका दिला. डबे आठ होते. दोन भावांपैकी एक उठून बाहेर गेला. मग केशरी साडी नेसलेली एक बाई आली, पट्टी बांधून वाकली, हुंगली, म्हणाली, ‘‘हा शेजारच्यांच्या घराचा वास आहे,’’ आणि हसली.

मंदाकाकू होत्या त्या.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. बऱ्याच लोकांच्या लक्षातच आलं नाही. त्यांना ती तशीच आठवत होती.

‘‘आता लक्षात आलं काय झालं ते,’’ गझाला मॅडम हळू आवाजात मला म्हणाल्या. ‘‘आठवण काढली की ते जाळं सैल होतं. परत आवळताना समोर जे दिसत असेल तेही त्यात विणलं जातं. हे लोक किती वर्षं दर शनिवारी हे करतात?’’

‘‘बावीस.’’

‘‘म्हणजे अकराशे वेळा त्यांनी तुमच्या आईला सैल केलं आणि या बाईंना विणलं. यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात त्या आता नाहीत. घरी बसून सगळे विसरून गेले असते तरी यापेक्षा जास्त उरलं असतं.’’

मंदाकाकू माझ्याजवळ आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदराने उगाच माझी बाही झटकली.

‘‘सम्मेद, तुझ्या आईचा चेहरा मी खाल्ला की रे,’’ त्या म्हणाल्या.

मी ‘असू दे काकू’ म्हणालो. मला याहून चांगलं वाक्य सुचायला हवं होतं, माझा व्यवसायच तो आहे.

*

समितीत कधीही न गेलेला माणूस आमच्याच घरात होता. मी दुपारी दुकानात गेलो. अण्णा एका काचेची कड घासत होते.

‘‘अण्णा, त्या दिवशी नेमकं काय झालं ते सांगा.’’

‘‘हरली की. माहिताय तुला.’’

‘‘ते टीव्हीवर दिसलं तेवढं. घंटा वाजली, जाहिराती लागल्या, त्यानंतर?’’

अण्णांनी काच उजेडाकडे धरली. ‘‘नंतर पट्टी काढली तिनं.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काही नाही.’’

कळायला लागल्यापासून मी हेच ऐकतोय. आई कशी होती, तर ‘चांगली’. काय बोलायची, तर ‘बोलायची की’. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाला कोटिंगबद्दल वीस मिनिटं सांगतो. त्या दुपारी माझा तोल गेला. मी म्हणालो, तुम्ही तिला एकट्याची करून ठेवलीय. म्हणालो, परक्या चाळीस माणसांनी तिच्यासाठी टोपात डोकं घातलं, आणि तुम्हाला दोन वाक्यं जड झाली. आणखी बरंच म्हणालो. समोर चष्म्याच्या फ्रेमा लावलेले प्लास्टिकचे चेहरे होते, ते ऐकत होते.

अण्णा हातातली काच खाली ठेवून म्हणाले, ‘‘नऊदा काढलीय मी ती.’’

‘‘काय?’’

‘‘ती पट्टी काढल्यानंतरची. तीस वर्षांत नऊदा. पहिल्या वर्षी चारदा काढली, तेव्हा कळलं. चौथ्यांदा तिच्या कानातलं बदललं होतं. कुड्या होत्या त्या, मला रिंगा दिसल्या. म्हटलं, ही झिजायलीय. मग जपून काढायला लागलो. बोललो तर फारच झिजती. तुझ्या आजीला एकदा सांगितलं, तर पुढच्या वेळी आजीच दिसली मला तिथं.’’

बी.कॉम. झालेल्या, चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या माझ्या वडिलांनी मेंदूशास्त्राचा हा नियम एकट्याने शोधला होता आणि कुणालाच सांगितला नव्हता, कारण सांगितल्याने तोच मोडला असता.

‘‘शेवटचं कधी काढलीत?’’

‘‘तुझं बारावीचं पास झाल्यावर.’’

*

गझाला मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. एका माणसाची आठवण वाचता येते, पण ती स्वच्छ यायला त्याने तोच प्रसंग ऐंशी वेळा, लागोपाठ, मध्ये न थांबता आठवावा लागतो. जाळं ऐंशी वेळा सैल होतं. परत आवळायला पेशींना काही तास लागतात, ते त्यांना मिळत नाहीत. वाचन पूर्ण होतं तेव्हा त्या माणसाकडे ती आठवण उरत नाही. बाकी सगळं राहतं, बायको राहते, लग्न राहतं, तेवढा प्रसंग जातो.

‘‘आणि मध्येच थांबवलं तर?’’ मी विचारलं.

‘‘तर त्यांचं गेलेलं असतं आणि तुम्हाला काही मिळालेलं नसतं. म्हणूनच नीतिसमितीने अशा वाचनांवर बंदी घातलीय. एक तारखेपासून. आज अठ्ठावीस आहे.’’

‘‘नको,’’ मी म्हणालो. खरंच म्हणालो. पण ते म्हणताना मी अण्णांकडे बघत होतो, आणि ते का बघत होतो हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

‘‘तुला काय बघायचंय त्यात?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘ती कशी बघायची ते.’’

‘‘त्या दिवशी ती तुझ्याकडं बघत नव्हती. तू इथं होतास, गोवर आला होता तुला.’’

‘‘तुमच्याकडे कशी बघायची ते.’’

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘मी गेलो की हे माझ्याबरोबर जाणार,’’ ते म्हणाले. ‘‘जपून तरी कुणासाठी ठेवलंय ते मला आजवर कळलं नाही. नऊदा मी बघितलं. दहाव्यांदा तू बघ. कुठं सही करायची, मॅडम?’’

मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी त्यांना पेन दिलं.

तीस तारखेला, सकाळी साडेदहाला, अण्णांनी टोप घातला. मी काचेपलीकडे बसलो. खोलीत स्टुडिओसारखी एक घंटा वाजायची, अण्णा डोळे मिटायचे, आणि प्रसंग संपला की हातातलं बटण दाबायचे. पडद्यावर आकडा चढायचा.

पहिल्या वीस वेळा घंटा वाजली की ते हसायचे. तिसाव्याला हसू उशिरा आलं. छत्तिसाव्याला त्यांनी मान थोडी वर केली, काहीतरी शोधत असल्यासारखी. त्रेचाळिसाव्याला हसू आलंच नाही, आणि मी उठलो.

‘‘थांबवा.’’

‘‘आता थांबवलं तर दोघांकडे काही नाही,’’ गझाला मॅडम म्हणाल्या. त्यांचा हात बटणापाशी होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या.

घंटा वाजली. अण्णांनी डोळे मिटले.

मी खाली बसलो.

साठाव्या वेळी माइकमधून आवाज आला, ‘‘मॅडम, कुठला प्रसंग म्हणालात?’’ मॅडमनी सांगितलं. ‘‘हां,’’ ते म्हणाले, आणि आज्ञाधारकपणे डोळे मिटले. ऐंशीपर्यंत त्यांनी आणखी अकरा वेळा विचारलं. दर वेळी ‘हां’ म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी चहा मागितला. ‘‘झालं का? मी म्हटलं फार वेळ लागेल.’’ मग रिक्षात बसल्यावर म्हणाले, ‘‘मुंबईला गेलो होतो आम्ही एवढं आठवतं. जाताना घाटात तिला गाडी लागली होती. परत येताना सुद्धा लागली होती. मधलं कुठं गेलं?’’

मी ड्रायव्हरला डावीकडे घ्यायला सांगितलं. डावीकडे वळण नव्हतं.

*

तीन दिवसांनी चौदा सेकंदांची फाइल आली. सोबत गझाला मॅडमची चिठ्ठी होती: ‘चित्र अपेक्षेपेक्षा स्वच्छ आहे. एक अडचण आहे, पण ती यंत्राची नाही. राग आलेला असताना मेंदू समोरची वस्तू जास्त बारकाईने टिपतो. बघितल्यावर कळेल.’

लगेच टोणपे काकांचा फोन आला. त्यांना कुठून कळलं ते माहीत नाही.

‘‘डबे किती दिसतात?’’

‘‘अजून बघितलं नाही, काका.’’

‘‘उजव्या कोपऱ्यात बघ. मोठं करून बघ.’’

दुपारी एक वाजता अण्णांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. भिंतीवरच्या ज्या पडद्यावर दिवसभर गॉगलच्या जाहिराती चालतात त्यावर मी फाइल लावली. दोन खुर्च्या ओढून आम्ही बसलो.

घंटा वाजली. पडद्याच्या मधोमध एक टक्कल होतं.

अण्णांच्या पुढे बसलेल्या कुणा माणसाचं ते मागून दिसणारं डोकं. इतकं स्पष्ट की त्यावरचे चार केस, मानेवरची घामोळी, कॉलरचा उसवलेला टाका मोजता येत होता. विज्ञानाच्या इतिहासात इतकं स्वच्छ वाचलं गेलेलं टक्कल दुसरं नसेल. डावीकडे हिरव्या कोटाची बाही. उजवीकडे, टकलाच्या कडेला, केशरी खांदा, आणि डोक्यामागची गाठ सोडणारा एक हात. हाताच्या करंगळीला शाई लागलेली होती. सत्तावीस फोटोंत करंगळी कुठेच नाही.

मग आवाज आला.

‘‘अहो. कुठं बसलायसा? दिसेना मला.’’

थोडा घोगरा, माझ्या कल्पनेपेक्षा जाड आवाज. चारशेतल्या एकाचाही तसा नव्हता. मी तो लिफ्टसाठी कधीच निवडला नसता.

केशरी खांदा उजवीकडे कलला, ती शोधत होती. टक्कलही उजवीकडे कललं. ती डावीकडे आली. तो माणूस शेजारणीला काहीतरी सांगायला डावीकडे वळला. एवढं करून अगदी शेवटी तो खाली पडलेलं काहीतरी उचलायला वाकला, आणि दीड सेकंद ती सबंध दिसली. पट्टीने केस एका बाजूला चिकटलेले, कानात कुड्या. डोळे फिरता फिरता एका जागी थांबले, थेट आमच्यावर, तोंड काहीतरी बोलायला उघडलं. फाइल संपली.

दुकानात पंखा चालू होता.

‘‘कोण हा माणूस?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘माहीत नाही. तुमच्या पुढे बसला होता.’’

‘‘आणि मी त्याला काही बोललो नाही?’’

‘‘नाही बोललात.’’

‘‘बोलायला पाहिजे होतं.’’ त्यांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. ‘‘पुढं काय म्हणाली ती? तोंड उघडलंय की.’’

ते ठाऊक असलेला एकमेव माणूस मला विचारत होता. फोन वाजला, टोणपे काका होते. मी म्हणालो, ‘‘डबे दिसत नाहीत, काका. टक्कल आहे,’’ आणि फोन ठेवला.

‘‘परत लाव,’’ अण्णा म्हणाले.

मी लावलं. घंटा, टक्कल, बाही, हात.

‘‘अहो. कुठं बसलायसा? दिसेना मला.’’

अण्णा खुर्चीतच उजवीकडे कलले, टकलाच्या पलीकडे बघायला, आणि हात वर केला.

‘‘इथं,’’ ते म्हणाले.

मीही कललो.